आज रात्रीची भीती आणि दहा वर्षांनंतरची

चार महिन्यांत माझं वजन ५९ किलोवरून साडेचोपन्नावर आलं, तेव्हा मला आनंदच झाला होता. रोज पाऊण तास चालत होते, गोड जवळजवळ बंद केलं होतं, कपडे सैल व्हायला लागले होते. भेटेल तो म्हणायचा, छान बारीक झालात. रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं, तोंडाला सारखी कोरड पडायची, पण ते वयामुळे असेल असं समजून मी तिकडे लक्षच दिलं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज, ९.८. उपाशीपोटीची शुगर २१४. मग वजनाचा आकडा पाहिला आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "हे वजन चालून उतरलेलं नाही," ते म्हणाले. "रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरता येत नाही, लघवीवाटे जायला लागते. तुम्ही खाताय ते अंगी लागत नाहीये. शरीर स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवतंय. आता इन्सुलिन सुरू करू या."

तेव्हा मी ६१ वर्षांची होते. मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि एक ग्लिप्टिन अशा तीन गोळ्या चालू होत्या. मिस्टर गेल्यापासून मी एकटी राहते. हे डॉक्टरांना माहीत नव्हतं आणि सांगायला हवं हे मला सुचलं नाही.

मी नाही म्हणाले. अगदी तोंडातून निघून गेलं. मग सावरून म्हटलं, "मला पंधरा दिवस द्या." त्यांनी दिले, पण बजावून दिले. उलट्या झाल्या, पोटात दुखायला लागलं, धाप लागली किंवा शुगर ३०० च्या वरच राहायला लागली तर पंधरा दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं. दरम्यान दोन रक्ततपासण्या करून घ्यायच्या आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा.

माझ्या 'नाही'मागे आत्या होती. आमच्या घरात एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय: "इन्सुलिन लावलं आणि वर्षात पाय गेला." ते आत्याबद्दल होतं. त्यामुळे डॉक्टर इन्सुलिन म्हणाले तेव्हा मला आधी तिचा पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला पाय दिसला. त्या रात्री धाकट्या बहिणीला फोन केला. तीही लगेच म्हणाली, "ताई, नको गं. आत्याचं आठवतंय ना?"

आठवत होतंच. पण या वेळी मी नीट आठवायला बसले. आत्याला मधुमेह निघाला तेव्हा माझी दहावी होती. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा माझा मुलगा शाळेत जायला लागला होता. म्हणजे मधली चौदा वर्षं. त्या चौदा वर्षांत तिने शुगर किती वेळा तपासली असेल? घरात कधी मीटर पाहिलेला मला आठवत नाही. तळपायाला आग होते असं ती सांगायची, मग ती आगही थांबली, आणि बरं वाटतंय असं सगळे समजले. खरं तर नसा बधिर झाल्या होत्या. चप्पल चावून झालेली जखम तिला कळली नाही. जखम चिघळली, शुगर चारशेच्या घरात गेली, दवाखान्यात नेलं, आणि तिथे इन्सुलिन लावलं. आम्ही पाहिलं ते इन्सुलिन आणि त्यानंतर गेलेला पाय. आधीची चौदा वर्षं आम्ही पाहिलीच नव्हती. इन्सुलिन आलं तेव्हा पायाचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलं होतं.

हे बहिणीला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण उलटंच सांगत आलो."

दुसरी भीती सवयीची. एकदा लावलं की सुटत नाही, शरीराला व्यसन लागतं, असं सगळेच म्हणतात. हे मी डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारलं. ते म्हणाले, "चष्म्याचं व्यसन लागतं का? नंबर लागला म्हणून चष्मा लावतो." टाइप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हा अर्धा भाग. उरलेला अर्धा असा, की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं थकत जातात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, की निदान होतं तेव्हाच या पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढे ती घसरतच राहते. माझ्या निदानाला अकरा वर्षं झाली होती. माझं सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज देणारी तपासणी, खालच्या कडेला आलं. दुसरी तपासणी अँटिबॉडीची होती. मोठ्या वयात हळूहळू येणारा टाइप १, म्हणजे शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं तो प्रकार, तर नाही ना, हे पाहण्यासाठी. ती निगेटिव्ह आली.

ते आणखी एक गोष्ट म्हणाले, जी मला फार दिलासा देऊन गेली. रक्तात साखर सतत जास्त असली की तिच्याच माऱ्याने या पेशी आणखी मंदावतात. इन्सुलिन देऊन त्यांना थोडी उसंत मिळाली, की काही जणांच्या पेशी पुन्हा काम करायला लागतात. नव्याने निदान झालेल्या काही रुग्णांना सुरुवातीला दोन-तीन आठवडे इन्सुलिन देऊन मग ते थांबवताही येतं. "तुमचं सुटेल असं मी म्हणणार नाही," त्यांनी स्पष्ट सांगितलं. "अकरा वर्षं झालीत. पण सुरू केलं म्हणजे दरवाजा बंद झाला असं नसतं."

गोळ्या वाढवता येतील का, दुसरं काही नाही का, हेही विचारलं. विचारायलाच हवं असं माझं मत आहे. हल्ली इंजेक्शनची वेळ आली तर बहुतेकांना इन्सुलिनच्या आधी जीएलपी-१ गटातलं औषध सुचवतात, कारण त्यात शुगर एकदम खाली जाण्याचा धोका कमी आणि वजनही उतरतं. माझ्या बाबतीत अडचण नेमकी तिथेच होती. वजन आधीच उतरत होतं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा गट आहे, त्याचे हृदय आणि मूत्रपिंड यांना चांगले फायदे आहेत. पण अंगात इन्सुलिनच कमी पडत असताना त्या दिल्या तर कीटोन, म्हणजे चरबी मोडताना तयार होणारी आम्लं, वाढून रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. तहान, वारंवार लघवी, विनाकारण उतरणारं वजन, ही लक्षणं असली तर इन्सुलिन आधी, असा एकंदर नियम आहे. माझ्यात तिन्ही होती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला वेगळं उत्तर मिळालं असतं, आणि ते त्याच्यासाठी बरोबर असतं.

मग मी खऱ्या धोक्यांकडे वळले. मला त्यांची यादी नको होती. प्रत्येक धोका किती मोठा, कोणाला, आणि आपल्या हातात काय, एवढं हवं होतं. पंधरा दिवसांत जमेल तेवढं वाचलं.

यूकेपीडीएसचे निष्कर्ष १९९८ साली आले. ज्यांची शुगर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, मग ती गोळ्यांनी असो वा इन्सुलिनने, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार एकूण २५ टक्क्यांनी कमी झाले. हे एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात, त्याच अभ्यासात इन्सुलिनवर असलेल्यांपैकी वर्षाला १.८ टक्के लोकांची शुगर इतकी खाली गेली, की दुसऱ्या कोणाची मदत लागली. साध्या उपचारांवरच्या गटात हेच प्रमाण ०.७ टक्के होतं. आणि दहा वर्षांत इन्सुलिनच्या गटाचं वजन साध्या गटापेक्षा सरासरी चार किलो जास्त वाढलं.

अॅकॉर्ड नावाच्या अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा मात्र मी पुन्हा घाबरले. १०,२५१ लोक, सरासरी वय ६२, म्हणजे माझ्याच वयाचे. बऱ्याच जणांना हृदयविकार होता, बाकीच्यांना त्याचा मोठा धोका होता. त्यातल्या निम्म्यांचं एचबीए१सी ६ च्या खाली आणायचं ठरवून त्यांना अनेक औषधं आणि इन्सुलिन जोरात दिलं. या गटात २५७ मृत्यू झाले, सैल ठेवलेल्या गटात २०३. २००८ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. हे वाचून मी बहिणीला म्हटलं, "बघ, मारतंच हे." पण दुसऱ्या दिवशी शांतपणे परत वाचलं. तिथे फक्त इन्सुलिनची परीक्षा नव्हती. किती खाली आणायचं आणि किती घाईने, याचीही होती. त्यानंतर २०१२ मध्ये ओरिजिन नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. साडेबारा हजार लोक, सहा वर्षांहून जास्त काळ, दिवसातून एकदा घ्यायचं ग्लार्जिन इन्सुलिन. हृदयविकार वाढला नाही, घटलाही नाही. ग्लार्जिनमुळे कॅन्सर होतो की काय, या शंकेने २००९ मध्ये खळबळ उडाली होती, पण कॅन्सरचं प्रमाणही वाढलं नाही. शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग शंभर लोकांमागे वर्षाला एक, तर नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ०.३ च्या आसपास.

शंभरात एक. हा आकडा मी बराच वेळ पाहत बसले. माझ्यासारखीला तो लहान की मोठा? घरात चार माणसं असती तर लहानच म्हटला असता. मी एकटी राहते. रात्री तीन वाजता शुगर पन्नासच्या खाली गेली आणि मला जाग आली नाही, तर सकाळी दूधवाल्याखेरीज कोणाला कळणार नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की माझ्यासमोर दोन भीती आहेत आणि त्या एका मापाने मोजता येत नाहीत. एक आज रात्रीची. दुसरी दहा वर्षांनंतरची: डोळा, मूत्रपिंड, पाय. आज रात्रीची भीती मोठ्याने ओरडते. दहा वर्षांनंतरची अजिबात आवाज करत नाही, आत्याच्या पायात तिने केला नव्हता तसा. आपण जिचा आवाज मोठा तिचंच ऐकतो. मी ठरवलं, की आज रात्रीची भीती आधी नीट बांधून घ्यायची, तिची एकेक सैल बाजू आवळायची, मग इन्सुलिन सुरू करायचं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगितलं, मी एकटी राहते. ते थांबले आणि सगळा हिशेब त्यांनी पुन्हा मांडला. उपाशीपोटी १०० ते १३०, एचबीए१सी साडेसातच्या आसपास पुरे, ६.५ चा हट्ट नाही. जुन्या प्रकारच्या ढगाळ दिसणाऱ्या इन्सुलिनचा जोर मध्येच चढतो आणि रात्री घेतलं तर तो पहाटे येऊ शकतो. म्हणून दिवसभर सपाट चालणारं घ्यायचं ठरलं. डोस वजनावरून काढला, ८ युनिट. तीन दिवसांच्या सकाळच्या शुगर पाहून दोन-दोन युनिटने वाढवायचा, आणि एकदा जरी ७० च्या खाली आली तर वाढवणं थांबवून डोस कमी करायचा, विचारायला थांबायचं नाही. मेटफॉर्मिन चालू. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमवरून १ वर.

इन्सुलिनचं पेन, म्हणजे डोसचा आकडा फिरवून टोचायचं भरलेलं इंजेक्शन, घ्यायचं की बाटली आणि सिरिंज, हाही प्रश्न होता. मी पेन घेतलं, त्याचं कारण सांगते, कारण ही चूक खरोखर जीवघेणी आहे. इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही त्या-त्या मापाच्या वेगळ्या. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात दहा जाणार नाहीत, पंचवीस जातील. बाटली वापरणाऱ्याने बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहायला हवा.

पहिल्या इंजेक्शनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. चार मिलिमीटरची सुई. दोन युनिट हवेत सोडून बघायचे, थेंब आला की डोस फिरवायचा, पोटावर सरळ टोचायचं, बटण दाबून दहा आकडे मोजायचे, मग सुई काढायची. शुगर तपासायला बोटाला टोचतो ते जास्त दुखतं.

अठराव्या रात्री शुगर खाली गेली.

डोस १२ युनिटवर आला होता. त्या दिवशी दुपारी एका ओळखीच्यांकडे चालत गेले, नेहमीपेक्षा दुप्पट चालणं झालं. रात्री भूक नव्हती, अर्धंच जेवले. आणि गोळी घेताना हात सवयीने जुन्या पाकिटाकडे गेला. २ मिलिग्रॅमची. पाकीट मी टाकून दिलं नव्हतं, फुकट कशाला घालवायचं म्हणून ठेवलं होतं.

पावणेतीनला जाग आली ती ओल्या उशीने. गाउन पाठीला चिकटला होता. आधी वाटलं, पंखा बंद पडलाय. पंखा चालू होता. ओठांना मुंग्या येत होत्या आणि छातीत धडधड इतकी, की कानात ऐकू येत होती. मीटर उशाशी होतं. आकडा आला ५८. ग्लुकोजची पावडर मी विचार करून पलंगाशेजारीच ठेवली होती, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून. ते झाकण मला उघडेना. बोटं थरथरत होती, घामाने निसटत होती. डबा मांडीत धरला, गाउनच्या टोकाने पकडून पाहिलं, दातांनी कड उचलून पाहिली. रोज एका हाताने उघडणारं झाकण. त्या वेळी डोक्यात दुसरा विचारच येत नव्हता, स्वयंपाकघरात साखर आहे हेसुद्धा आठवलं नाही. शेवटी डबा फरशीवर आपटला. झाकण उडालं, निम्मी पावडर सांडली. उरलेली मुठीने तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

पंधरा मिनिटांनी ७४. आणखी पंधरा मिनिटांनी ९६. मग थोडं खाल्लं, कारण आधी दिलेली साखर तासाभरात संपते आणि इन्सुलिन आणि गोळी दोन्ही पुढे काम करतच असतात. उजाडेपर्यंत दिवा लावून बसून राहिले. फरशीवरची पावडर पायाला चिकचिक लागत होती. सकाळी बहिणीला म्हटलं, "बंद करणार आहे मी हे."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या रात्री काय-काय झालं, सगळं सांगा." चालणं, अर्धं जेवण, दुप्पट गोळी, वाढवलेला डोस. ते म्हणाले, "यातलं काय काढायचं, ते ठरवू." आणि त्यांनी ग्लिमेपिराइड पूर्ण थांबवली. ही गोळी स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन सोडायला लावते, शुगर किती आहे हे ती पाहत नाही. बाहेरून इन्सुलिन आणि आतून हा रेटा, दोन्ही एकदम असले की शुगर खाली जाण्याचा धोका वाढतो. वय वाढलेलं असलं, मूत्रपिंड थोडं मंदावलेलं असलं, तर आणखी. कारण मूत्रपिंड मंद झालं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. माझ्या मूत्रपिंडाची तपासणी त्यांनी तेव्हा पुन्हा केली. रक्तदाबासाठी कोणती गोळी घेते तेही पाहिलं. काही गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात, घाम तेवढा येतो.

मी त्या सकाळी बंद केलं असतं, तर पुन्हा घरात एक वाक्य तयार झालं असतं: "ताईने इन्सुलिन लावलं आणि रात्री जीवावर बेतलं." त्यात गोळीचं नाव नसतं, झाकणाचंही नसतं.

डबा गेला. आता १५ ग्रॅम ग्लुकोज मोजून कागदी पुड्या बांधते, एका बाजूने आधीच थोड्या फाडलेल्या. उशाशी दोन, पर्समध्ये दोन, देवघराच्या फळीवर एक, कारण चक्कर आली तर मी बहुधा तिथेच बसलेली असते. चॉकलेट ठेवत नाही, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. बहीण रोज सकाळी सहाला फोन करते. मी तीन रिंगांत उचलला नाही तर ती वरच्या मजल्यावरच्या वहिनींना फोन करते, त्यांच्याकडे माझी एक किल्ली आहे. वहिनींना मी दाखवून ठेवलंय: मी शुद्धीत असेन तर ग्लुकोजचं पाणी, शुद्धीत नसेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि अँब्युलन्स बोलवायची.

दंडावर चौदा दिवसांचा सेन्सरही लावून पाहिला. मी ज्या रात्री शांत झोपले होते त्यातल्या दोन रात्री तीनच्या सुमाराला शुगर ६६ पर्यंत आली होती, मला पत्ताही नव्हता. डोस १० वर आणला. एकदा त्याने ५५ दाखवून मला उठवलं. बोटाला टोचून पाहिलं तर १०४. मी त्याच दंडावर झोपले होते, दाबाने तो चुकीचं खाली दाखवतो. म्हणून शरीर एक सांगत असलं आणि सेन्सर दुसरं, तर बोटाला टोचून खात्री करायची.

तीन-चार महिन्यांनी शुगर पुन्हा वेडीवाकडी यायला लागली, कधी १७०, कधी ९०. मला वाटलं पेशी आणखी थकल्या. दवाखान्यातल्या सिस्टरांनी डोस वाढवण्याआधी मला आडवं केलं आणि पोटावर बोटं फिरवली. बेंबीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ होती. मी रोज तिथेच टोचत होते, कारण तिथे दुखत नव्हतं. दुखत नव्हतं ते त्या गाठीमुळेच. अशा जागेतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. त्यांनी पोटाचे चार भाग आखून दिले, दर आठवड्याला एक, आणि दर टोचणीत बोटभर अंतर. पण महत्त्वाचं म्हणजे त्यांनी डॉक्टरांना विचारून डोस आधी दोन युनिटने कमी केला. नव्या जागेतून तेच इन्सुलिन पूर्ण शोषलं जाणार होतं, तोच डोस ठेवला असता तर पुन्हा तशीच पावणेतीनची रात्र आली असती.

डोळ्यांबद्दल एक सांगते. सुरुवातीलाच पडदा तपासून घेतला ते बरं झालं. त्यात अगदी बारीक बदल दिसले होते. फार दिवस वाढलेली शुगर एकदम खाली आणली तर डोळ्यांतले असे बदल काही काळ आणखी बिघडू शकतात, म्हणून चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं. बदल तेवढेच राहिले होते. हा धोका मला कोणत्याही नातेवाइकाने सांगितला नव्हता. सगळे मला व्यसनाचीच भीती घालत होते.

वजन सहा महिन्यांत ५८ झालं. इन्सुलिनने वजन वाढतं हे खरं आहे. लघवीवाटे जाणारी साखर थांबते आणि अंगी लागायला लागते. शुगर खाली जाईल या भीतीने माणूस अधूनमधून जास्त खातो, त्यानेही वाढतं. माझे साडेतीन किलो हे आधी हरवलेलेच परत आले होते, त्यामुळे मला त्याचं दुःख झालं नाही. ज्याचं वजन आधीच जास्त आहे त्याने मात्र हे सुरुवातीलाच बोलून घ्यावं. सोबत मेटफॉर्मिन चालू असलं तर ही वाढ जरा आवरते, असं मला सांगितलं गेलं.

आता दोन वर्षं झाली. एचबीए१सी ७.३. डोस बारा. रात्री उठावं लागत नाही. शुगर ७० च्या खाली शेवटची गेली त्याला सात महिने झाले, तेव्हा ६७ होती आणि मी जागीच होते.

पुढच्या भेटीसाठी कागदावर दोन प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला, सकाळी कधीकधी १४० येते, त्यासाठी डोस वाढवायचा, की माझ्या वयाला ते चालेल. दुसरा बहिणीने लिहायला लावला. आज डायलचा आकडा मला चष्म्याने दिसतो, बोटं बटण दाबतात. उद्या नजर किंवा हात साथ देईनासे झाले, तर हे कोण देणार, आणि तेव्हा काय कमी करता येईल. ती म्हणाली, "ताई, हे आत्ताच विचारून ठेव." आज सकाळी तिचा फोन आला, तिने नेहमीसारखं आधी "किती?" विचारलं. मी म्हटलं, "एकशे अठरा." मग तिच्या घरच्या गोष्टी सुरू झाल्या.